फवारणीच्या पाण्यात रिठा : फेस आणि सूक्ष्म बुडबुडे

कपाशीवर 5 टक्के निंबोळी अर्क फवारण्याची पद्धत शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. 5 किलो निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी, 200 ग्रॅम साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून मिसळावा व एकूण द्रावण 100 लिटर करावे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पानावरून घरंगळून न जाता पसरतो.

बीड जिल्ह्यात अनेक ठिकाणी विहिरी-बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका बसतो. साबण वाया जातो, नोझल तुंबते. शिवाय साबणाचे पाणी अल्कधर्मी असल्याने निंबोळीतील अॅझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य लवकर नष्ट होते. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिनचा जड पाण्यात असा साका होत नाही आणि रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते.

सॅपोनिनच्या रेणूचे एक अंग पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे हे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर दाटीने बसतात. मोठा बुडबुडा झटकन वर येऊन फुटतो. 100 मायक्रॉनहून लहान बुडबुडा सावकाश चढतो, परंतु त्याच्या आतील दाब जास्त असल्याने हवा पाण्यात विरघळून तो आटू लागतो. सॅपोनिनचे कवच हे आटणे लांबविते. 1990 च्या दशकात अमेरिकेतील लुइझियाना स्टेट विद्यापीठात रिठ्याच्या द्रावणापासून असे सूक्ष्म बुडबुडे करून दूषित मातीतील रसायने धुऊन काढण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडे रिठा डोक्याला, तिकडे मातीला!

फवारणीत मात्र फेसाला गुण समजू नये. फेसाने टाकी भरल्यासारखी दिसते, पंप हवा ओढतो व दाब तुटतो. बिया काढून साली रात्रभर भिजवाव्यात, कुस्करून दुपदरी कापडातून गाळाव्यात. हे पाणी टाकी भरत आल्यावर शेवटी घालून काठीने हळू ढवळावे. रिठ्याचा कस सारखा नसतो, म्हणून थोडे थोडे घालून चार-पाच पानांवर फवारून पाहावे. थेंब पसरला की पुरे. पानाच्या टोकावरून पाणी ठिबकू लागले तर प्रमाण जास्त झाले. दोन दिवसांत पान करपले नाही, तरच ताजे द्रावण करून सायंकाळी शेतभर फवारावे.

द्रावण डोळ्यांत उडू देऊ नये. शेततळ्यात मासे सोडले असल्यास पंप तेथे मुळीच धुवू नये. सॅपोनिन माशांना विषारी आहे.