काळ्या मातीत जमिनीवरची ऑर्किड

ऑर्किड म्हटले की फांदीवर लोंबणारी मुळे डोळ्यांपुढे येतात. परंतु कित्येक जाती जमिनीतच वाढतात. मेळघाटातील हॅबेनारिया पावसाळ्यात फुलते, मग पाने वाळतात व कंद उन्हाळाभर मातीत निद्रिस्त राहतो. वरची माती कितीही तापो, वीतभर खाली दिवस व रात्र यांच्या तापमानांतील फरक फारसा पोहोचत नाही. भोक पाडून आत थर्मामीटर सोडा आणि पाहा.

मग मलकापूरच्या बागेत अशी झाडे का दगावतात? आमच्या मते उन्हापेक्षा काळ्या मातीचा दोष अधिक. तिचे अतिसूक्ष्म कण भिजून फुगतात, पोकळ्या बुजतात, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून विटांच्या तुकड्यांवर मुरूम, भरड वाळू आणि कुजलेला पाला यांचा उंच वाफा करावा. त्यात रोपवाटिकेतून आणलेली स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा लावावी. तिला सकाळचे ऊन व दुपारची सावली मानवते. पाणी मात्र उन्हाळ्यातही हवे.

जंगलातले कंद आणू नयेत. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतोच. रुजताना ते मातीतील बुरशीकडून अन्न घेते. (बुरशी म्हणजे रोग, एवढेच आपण शिकलेलो!) फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना हे १८९९ मध्ये उमगले. ती बुरशी आपल्या वाफ्यात नसेल, तर आणलेला कंद एखादे वर्ष फुलेलही, पण त्याचे बी तेथे रुजणार नाही.