पारदर्शक पट्टी

जखम उघडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, म्हणजे ती लवकर बरी होते, अशी समजूत फार जुनी आहे. खपली धरली की रोगी व त्याचे आप्त निश्चिंत होतात. परंतु जखमेचे सुकणे आणि जखमेचे भरून येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९६२ मध्ये जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या त्वचेवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या व काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी बाह्यत्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडांकडून व केसांच्या मुळांकडून सरकत येतात. पृष्ठभाग ओलसर असेल, तर त्यांना सरळ वाट मिळते. खपली असेल, तर तिच्याखालच्या ओलसर थरातून मार्ग काढावा लागतो.

या तत्त्वावर आधारलेली पारदर्शक पट्टी १९७० च्या दशकात वापरात आली. ती पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या अतिशय पातळ पापुद्र्याची असून तिच्या एका बाजूस चिकट द्रव्याचा लेप असतो. तिच्यातून प्राणवायू व पाण्याची वाफ आरपार जाते. पाणी व जंतू मात्र जाऊ शकत नाहीत.

खरचटलेली किंवा थोडी भाजलेली त्वचा आणि त्वचारोपणासाठी जेथून कातडी काढली ती जागा झाकण्यास ही पट्टी उपयोगी पडते. पण तिचे खरे महत्त्व दिसते ते शिरेत घातलेल्या नलिकेपाशी. तेथून जंतू थेट रक्तात शिरले, तर रोग्याच्या जिवावर बेतू शकते. कापसाच्या जाळीदार पट्टीखाली लाली किंवा सूज लपून राहते. पारदर्शक पट्टीतून ती न सोडता दिसते. मोठ्या शिरेतील नलिकेवरील जाळीदार पट्टी साधारणपणे दर २ दिवसांनी बदलतात, तर पारदर्शक पट्टी ७ दिवसांपर्यंत चालते. मात्र ती सैल, ओली वा मळकी झाल्यास तत्काळ बदलावी लागते. घाम फार येत असेल किंवा रक्त झिरपत असेल, तर जाळीदार पट्टीच बरी.

या पट्टीला मर्यादाही आहेत. ती स्राव शोषून घेत नाही. म्हणून फार पाझरणाऱ्या जखमेवर ती लावल्यास भोवतालची कातडी भिजून पांढरी व मऊ पडते. पट्टीखाली साठलेला किंचित गढूळ द्रव नेहमीच पू नसतो; परंतु वेदना, उष्णता व लाली वाढल्यास जंतुसंसर्गाची शंका घेतली पाहिजे. वृद्धांची नाजूक कातडी पट्टी ओढताना फाटते. म्हणून ती वर न ओढता एक कड मोकळी करून त्वचेला समांतर ताणत सोडवावी.

तत्त्व कळले म्हणजे साधने अनेक सापडतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी केळीच्या पानांची निर्जंतुक पट्टी वापरली व २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे पानही जखमेला चिकटत नाही. त्यामुळे ते काढताना नवी त्वचा सोलली जात नाही. पट्टी कोणतीही असो, ती लावणारे हात स्वच्छ हवेत आणि जखमेवर रोज नजर हवी.