बिनतारी राउटर बंद पडल्यास : दोषाचा शोध कसा घ्यावा

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्यानजीक कपिलधार हे तीर्थक्षेत्र आहे. श्री मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा यांमुळे हे स्थान सर्वपरिचित आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक व तेलंगणातूनही भाविक येथे येतात. याच सुमारास भोवतालच्या वाड्या-वस्त्यांतून दुसरीही एक लगबग चालू असते. ती म्हणजे ऊसतोडणीस निघणाऱ्या कुटुंबांची. घर सोडण्यापूर्वी सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिकेची ई-केवायसी अशी अनेक कामे उरकावयाची असतात व ती आता बहुतांशी इंटरनेटवरूनच होतात. अशा वेळी सेवा केंद्रातील, शाळेतील अथवा गावातील एखाद्या शिक्षकाच्या घरातील राउटर बंद पडला, तर पाच-पंचवीस माणसांचा खोळंबा होतो. मुकादमाची गाडी कोणासाठी थांबत नाही, आणि राहिलेला अर्ज मग सहा महिने राहूनच जातो.

तंत्रज्ञ तालुक्याहून येईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. त्या अवधीत गावातील शिक्षक, ग्रामसेवक अथवा पंचायत सदस्य यांना काही प्राथमिक तपासणी निश्चितच करता येईल. त्यासाठी अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखण्याची पद्धत तेवढी माहीत हवी.

साखळी समजून घेणे अगत्याचे

‘राउटर बंद पडला’ असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः राउटर हा एका लांब साखळीतील केवळ एक दुवा होय. भिंतीवरील वीज, त्या विजेचा दाब उतरवणारा अडॅप्टर, केंद्रापासून घरापर्यंत आलेली फायबरची तार, त्या तारेतील प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी ओ.एन.टी. ही पेटी, तिच्या पुढचा राउटर, राउटरपासून निघणाऱ्या बिनतारी लहरी आणि अखेरीस आपल्या हातातील भ्रमणध्वनी किंवा संगणक, असा हा क्रम आहे. यांपैकी कोणताही दुवा निखळला तरी पडद्यावर एकच दृश्य दिसते : पान उघडत नाही. अनेक घरांत ओ.एन.टी. व राउटर एकाच डब्यात असतात. तरीही त्यांची कामे दोन आहेत हे विसरू नये.

राष्ट्रीय प्रकाशीय तंतू जाळ्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली व २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याच्या या कार्यक्रमामुळे खेड्यांतील कार्यालयांत व पुढे घरांतही ओ.एन.टी. दिसू लागली. डोंगराच्या कुशीतील वस्तीला या तारेचे महत्त्व अधिक आहे. कारण मनोऱ्यावरून येणाऱ्या भ्रमणध्वनीच्या लहरी डोंगराआड क्षीण होतात, फायबरला मात्र डोंगराचा अडसर नसतो.

दिव्यांची भाषा

तपासणीचा आरंभ नेहमी दिव्यांपासून करावा. पेटीच्या दर्शनी भागावरील हे लहान दिवे पुष्कळ काही सांगतात. परंतु बहुतेक घरांत पेटी कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असते!

विजेचा दिवाच लागलेला नसेल तर पुढचे काही पाहण्याचे कारण नाही. त्याच खटक्यावर दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. खटका ठीक असेल तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. हा अडॅप्टर घरच्या सुमारे २३० व्होल्टच्या प्रवाहाचे रूपांतर बहुधा १२ किंवा ९ व्होल्टच्या सरळ प्रवाहात करतो. त्यातील संधारित्रे उष्णतेने कालांतराने सुकतात. मग एक फसवी अवस्था येते. दिवे लागतात, पेटी सुरू झाल्यासारखी वाटते आणि एक-दोन मिनिटांत पुन्हा आरंभापासून चालू होते. भार नसताना दाब बरोबर मिळतो. पेटीने पुरेसा प्रवाह ओढताच तो कोसळतो. अशी पेटी अनेकदा ‘राउटर जळाला’ म्हणून टाकून दिली जाते. वास्तविक तेवढा अडॅप्टर बदलला असता तर भागले असते. नवा अडॅप्टर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत. अँपिअर मूळच्याइतके किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहीत. आणि टोकाच्या धन-ऋण बाजू दर्शविणारी आकृती जुन्या अडॅप्टरवरील आकृतीशी जुळावी. घरात पडलेला कोणताही अडॅप्टर ‘टोक बसते’ एवढ्यावरून लावू नये.

‘एल.ओ.एस.’ अशी अक्षरे असलेला दिवा लाल लागला असेल, तर त्याचा अर्थ केंद्राकडून येणारा प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही. येथे राउटरचा काहीही दोष नसतो आणि तो कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. फायबरच्या आत केसासारखा बारीक काचतंतू असतो व त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. हा तंतू तांब्याच्या तारेसारखा कसाही वळवता येत नाही. सुमारे ३ सेंटीमीटरहून लहान त्रिज्येचा वळसा पडला की प्रकाश वळणावरच बाहेर निसटू लागतो. खिळ्याला दिलेला पीळ, दाराच्या फटीत चेंगरलेला भाग, उंदराने कुरतडलेली जागा हे घरातल्या घरात शोधता येते. तार सैल करून, मोठे वेटोळे ठेवून पाहावे. पेटीत शिरणारा हिरवा किंवा निळा जोड नीट बसला आहे ना, हेही पाहावे. हिरव्या जोडाचे टोक तिरपे घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोन्हींची सांगड घातल्यास प्रकाश वाया जातो. मात्र जोड काढून त्याच्या टोकाकडे डोळा लावून कधीही पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो नेत्रपटलास अपाय करू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगावे.

लाल दिवा केवळ आपल्याच घरी आहे की शेजारीही, याची चौकशी करावी. एका मुख्य तंतूतील प्रकाश विभाजकामार्फत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जात असतो. शेजारीही लाल असेल तर बिघाड मुख्य तारेत अथवा केंद्रात आहे. केंद्राची वीज जाऊन तेथील बॅटरी संपली तरी हेच लक्षण दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी झाल्यावर रस्त्याची कड खचते व तीत पुरलेली तार ताणली जाते किंवा तुटते. रस्त्याच्या, नळयोजनेच्या खोदकामातही हेच घडते. खोदकामापूर्वी तारेचा मार्ग विचारून घेण्याची तसदी पंचायतीने घेतली, तर गावाचा पुष्कळ मनस्ताप वाचेल.

‘पी.ओ.एन.’ हा दिवा हिरवा व स्थिर असेल तर केंद्राशी बोलणी झाली आहेत असे समजावे. तो सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, परंतु केंद्राने आपली पेटी अद्याप ओळखलेली नाही. ते काम केंद्रातूनच व्हावे लागते.

सारे दिवे हिरवे, तरी पान उघडत नाही

हा प्रकार सर्वांत अधिक गोंधळात टाकतो. पहिली शंका अगदी साधी : वर्गणीची मुदत संपली नाही ना? विशेषतः शाळेत व कार्यालयात देयक कोणी भरावयाचे याविषयी संदिग्धता असते आणि तंत्रज्ञ येऊन गेल्यावर खरी गोष्ट उजेडात येते.

त्यानंतर भ्रमणध्वनीवर काय दिसते ते पाहावे. राउटरचे नावच यादीत दिसत नसेल, तर बिनतारी भाग बंद आहे. काही पेट्यांवर त्यासाठी स्वतंत्र कळ असते व ती चुकून दाबली जाते. नाव दिसते, जोडणी होते, परंतु ‘इंटरनेट नाही’ असा संदेश येत असेल, तर घरातील लहरी ठीक असून खंड त्यापलीकडे आहे. ही एक खूण लक्षात ठेवल्यास निम्मे निदान झाले. खात्रीसाठी संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेवर चालते आणि हवेतून चालत नाही, तर दोष लहरींचा. दोहोंवर चालत नाही, तर दोष मागे. संगणकाचा अंतर्गत क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला क्रमांकच दिलेला नाही असे समजावे.

क्वचित असे होते की संकेतस्थळाच्या नावाने पान उघडत नाही, परंतु ८.८.८.८ या क्रमांकाकडे पाठविलेला चाचणी-संदेश परत येतो. नावावरून क्रमांक सांगणारी डी.एन.एस. ही सेवा म्हणजे दूरध्वनीची यादीच होय. रस्ता खुला आहे, यादी हरवली आहे, असा याचा अर्थ. आणखी एक किरकोळ वाटणारे कारण : जुन्या संगणकाचे घड्याळ मागे पडलेले असते व तारीख चुकीची असल्यामुळे शासकीय संकेतस्थळे सुरक्षिततेच्या कारणाने उघडण्यास नकार देतात. तारीख सुधारताच काम होते.

भिंती, पत्रे व लहरी

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. भिंत लहरींना अडवते, परंतु सर्वस्वी नाही, हे तेव्हापासून ज्ञात आहे. घरगुती राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत चालतो. पहिल्या पट्ट्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची असते व ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. दुसरीची लांबी त्याच्या निम्म्याहून कमी; ती वेगवान आहे, परंतु जाड भिंतीपुढे लवकर थकते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दोन हात जाडीच्या असतात. अशा घरात पलीकडच्या खोलीत २.४ चा पट्टा निवडणे श्रेयस्कर. लोखंडी पत्रे लहरी परतवून लावतात, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या राउटरकडून फारशी अपेक्षा करू नये. यात्रेच्या दिवसांत किंवा दाट वस्तीत अनेक राउटर एकाच वाहिनीवर बोलू लागतात. २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत; त्यांपैकी मोकळी असेल ती निवडावी.

पुन्हा सुरू करणे आणि पुसून टाकणे

पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे हा निरुपद्रवी उपाय आहे. ओ.एन.टी. व राउटर वेगवेगळे असतील तर आधी ओ.एन.टी. चालू करावी, तिचे दिवे स्थिर होण्यास दोन-तीन मिनिटे द्यावीत व मग राउटर लावावा. साठलेल्या चुका यामुळे निघून जातात.

याउलट पेटीच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबण्याचा ‘रीसेट’ हा प्रकार फार वेगळा आहे. त्याने पेटीतील सर्व नोंदी पुसल्या जातात. अनेक जोडण्यांत केंद्राने दिलेले वापरनाव व संकेतशब्द राउटरमध्ये भरलेले असतात, तेही जातात. मूळ बिघाड कदाचित बाहेरच्या तारेत असतो व तो सायंकाळी दुरुस्तही होतो, परंतु घरचा राउटर मात्र आता खरोखरच बंद पडलेला असतो. उत्साही तरुणांच्या हातून हे वारंवार घडते. वापरनाव, संकेतशब्द, ग्राहक क्रमांक व पेटीच्या तळाशी छापलेला १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता एका वहीत लिहून ती कुलपात ठेवावी. ही माहिती हाती असल्याशिवाय टाचणीस हात लावू नये. आणि पुसणे अटळच ठरले, तर पेटीचा मूळचा सर्वज्ञात संकेतशब्द त्याच वेळी बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने न बदललेल्या संकेतशब्दांच्या आधारेच जगभरातील असंख्य राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले होते.

तक्रार कशी नोंदवावी

‘नेट बंद आहे’ एवढ्या तक्रारीवरून तंत्रज्ञाला काहीही उमगत नाही. तो कोणती अवजारे घेऊन येणार? त्याऐवजी ग्राहक क्रमांक, बिघाडाची वेळ, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, शेजारी काय स्थिती आहे, तारेने जोडून पाहिले किंवा नाही, एवढे सांगावे. लाल दिवा असल्याचे कळले तर तो तंतू जोडण्याचे यंत्र सोबत आणील व दुसरी फेरी वाचेल. जोड दिल्यानंतर मापकावर आलेला आकडा त्याच्याकडून विचारून वहीत टिपून ठेवावा. साधारणतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही ग्राह्य मर्यादा असते. पुढे हा आकडा उणे २७ कडे सरकत गेलेला आढळल्यास तारेत कोठेतरी वळसा किंवा ओल शिरत आहे असे समजावे.

वैशाख-ज्येष्ठातील वळिवाच्या पावसात आकाशात वीज कडाडू लागताच अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. काचतंतूतून विजेचा लोट येत नाही. तो येतो खटक्यातून, आणि जुन्या जोडणीत दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेतूनही. अशी तार असल्यास तीही काढावी. सेवा केंद्राच्या इमारतीची भूजोडणी उन्हाळ्यापूर्वीच तपासून घ्यावी आणि मूळ मापाचा एक जादा अडॅप्टर कपाटात ठेवावा.