इनॅमलची राखण आणि टूथपेस्टची निवड



शेतकी खात्याच्या पानावर बेणे, खते, खोडवा सोडून दातांचा विषय कशाला, असे आपण म्हणाल. कारण आहे. गेल्या गाळप हंगामात आमची दाढ ठणकू लागली. ब्रिक्स पाहायला आता हातात यंत्र असते, तरी जुनी खोड जात नाही. प्लॉटात शिरलो की एक कांडे मोडून दातांनी सोलायचेच. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा धरून दाखवले : कीड थोडी, झीज फार. हिरडीलगत प्रत्येक दाताला खाच. वीस-बावीस वर्षे राखुंडी आणि मीठ करकरून घासल्याचे ते फळ. "साहेब, घासून गेलेलं इनॅमल परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. ऊस तोडला तर खोडवा फुटतो. इनॅमलला खोडवा नाही.

इनॅमल म्हणजे दातावरचे पांढरे कठीण कवच. शरीरातला हा सर्वांत टणक पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून हाडासारखे ते भरून येत नाही. एवढे टणक असूनही आम्लापुढे ते टिकत नाही. जमिनीचा सामू आपण तपासून घेतो, तसा तोंडालाही सामू आहे. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागते.

आता साखरेचे पाहा. तोडलेला ऊस उन्हात पडून शिळा झाला की त्यात जंतू वाढतात आणि साखरेपासून चिकट डेक्स्ट्रान बनवतात. रस बुळबुळीत होतो, उतारा पडतो, म्हणून तर आम्ही ताज्या उसासाठी आपल्यामागे लागतो. तोंडात थेट तसलाच प्रकार घडतो. तिथले जंतू साखरेपासून चिकट थर करून दाताला बसतात आणि त्याच साखरेचे आम्ल करतात. कारखान्यात आंबट रसात चुना घालून सामू सातच्या आसपास आणतात. तोंडात ते काम लाळ करते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून आठ वेळा गोड चहा घेणाऱ्याच्या लाळेला उसंतच मिळत नाही. लिंबू पिळलेला रस प्यायल्यावर लगेच ब्रश मारणे तर उलटेच. मऊ पडलेला थर खरवडून निघतो. साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्ध्या तासाने ब्रश करावा.

फ्लोराइडचे काम इथे येते. कवचातून नुकतेच सुटू लागलेले खनिज लाळेतून परत बसायला ते मदत करते, आणि असा बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. पण खड्डा पडल्यावर पेस्टने तो बुजत नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग पेस्ट कोणती? खताचे पोते घेताना आपण चित्र पाहत नाही, १०:२६:२६ हे आकडे पाहतो. ट्यूबही तशीच वाचावी. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट हे नाव आणि पुढे पीपीएमचा आकडा. आपल्या देशात कायद्याने १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालते आणि तो आकडा ट्यूबवर व खोक्यावर छापावा लागतो. मोठ्या माणसाने हजाराच्या जवळपासची घ्यावी, मुदतीची तारीख पाहावी. भाव, फेस, लवंगेचा वास यांचा इनॅमलशी संबंध नाही. स्वस्त ट्यूबही आकडा बरोबर असेल तर चांगले काम करते. वनौषधींच्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, तेही आकडाच सांगतो. ट्यूबच्या शेपटाशी असलेल्या रंगीत पट्टीवरून पेस्ट ओळखा, असा निरोप मोबाईलवर फिरतो. ती छपाई-यंत्रासाठी केलेली खूण असते, बाकी काही नाही.

दात पांढरेशुभ्र करतो म्हणणाऱ्या खरखरीत पेस्ट, कोळशाची पूड, विटेची भुकटी रोज वापरू नये. ब्रश मऊ घ्यावा, हात हलका ठेवावा. रात्री झोपताना घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. घासून झाल्यावर थुंकावे, तांब्याभर पाण्याने खळखळून धुऊन काढू नये. फवारणी केल्या केल्या पाऊस पडावा तसे ते होते.

मिश्रीबद्दल दोन शब्द. आमच्या आईने हयातभर मिश्री लावली. साठीच्या आत तिच्या तोंडात चार दात उरले होते, आणि ते दात स्वच्छ ठेवते असेच ती शेवटपर्यंत समजत होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू; हिरड्या खाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करते. मंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी झाली. घरच्या तव्यावर मात्र ती अजून भाजली जाते.

लहान मुलांचे प्रमाण वेगळे : तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, तीही आई-वडिलांनी समोर बसून लावायची. मुले पेस्ट गिळतात आणि जादा फ्लोराइडने येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. तेव्हा नवी बोअर मारली तर पिकासाठी क्षार तपासून घेता, त्याच वेळी पाण्याची एक बाटली जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी द्यावी.