गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला तर?

प्रश्न : विश्व अधिकाधिक वेगाने प्रसरण पावत आहे आणि त्यामागे कृष्ण ऊर्जा आहे, असे वाचले. कुणी न पाहिलेली ऊर्जा मानण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे, असे का म्हणू नये?
– बारावीतील एक विद्यार्थिनी, पालम (जि. परभणी)

उत्तर : जरूर म्हणावे. अनेक शास्त्रज्ञ तसे म्हणतातही. इतिहासात दोन्ही प्रकार घडले आहेत. युरेनसची चाल हिशेबात बसेना, तेव्हा पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असावा असे मानले गेले आणि १८४६मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेचे गणितही चुकत होते. तिथेही ग्रह शोधला, पण तो नव्हताच. १९१५मध्ये आइन्स्टाइन यांनी नियमच नवा दिला, तेव्हा कोडे सुटले.

प्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून कळले. त्याच्या कितीतरी आधी, १९६४मध्ये, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता. कणाचे वस्तुमान विश्वातल्या इतर साऱ्या कणांमुळे ठरते, हा त्याचा गाभा. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता, पण आइन्स्टाइनच्या पुढे जाऊन विचार करण्याची हिंमत मला मोलाची वाटते.

आजच्या एका लोकप्रिय पर्यायात आइन्स्टाइनच्या सिद्धांतातील वक्रतेच्या जागी वक्रतेचे फलन घेतात. विश्व विरळ होऊन वक्रता अगदी कमी झाली, की जादा पदाचा प्रभाव दिसू लागतो आणि प्रसरण वेग घेते. अट एवढीच, की सूर्यमालेत उत्तर आइन्स्टाइनचेच यायला हवे. भले भले सिद्धांत इथेच अडतात.

खरी कसोटी लागली १७ ऑगस्ट २०१७ रोजी. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. त्यांच्या गुरुत्वीय लहरी त्या दिवशी पृथ्वीवर पोहोचल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात फरक दोन सेकंदांचाही नाही! या लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे कित्येक सिद्धांत एका दिवसात बाद झाले. वर सांगितलेला फलनाचा सिद्धांत मात्र टिकला, कारण त्यात दोन्हींचा वेग सारखाच आहे.

पुढची परीक्षा तुझ्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होऊ शकते. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म बदल तिथे टिपायचा आहे. अमेरिकेतल्या दोन केंद्रांना आणि इटलीतल्या व्हर्गोला या दूरच्या केंद्राची जोड मिळाली, की लहर कोणत्या दिशेने आली हे अधिक नेमके कळेल आणि तिची दीर्घिका दुर्बिणीने शोधणे सोपे जाईल. मग लहरीच्या तीव्रतेवरून एक अंतर निघेल, प्रकाशावरून दुसरे. नियम बदललेला असेल, तर लहर वाटेत वेगळ्या प्रमाणात क्षीण होईल आणि ही दोन अंतरे जुळणार नाहीत.