कार्बाइडची बंदूक आणि डोळ्याची इजा

नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या जंगलालगत सोयाबीन, तूर, कापूस राखायचा तर रानडुकरे, रोही आणि वानरे हाकलावी लागतात. त्यासाठी काही शेतकरी पीव्हीसी पाइपची घरगुती कार्बाइड बंदूक वापरतात. नळीत कॅल्शियम कार्बाइडचा खडा टाकून थोडे पाणी सोडले की ॲसिटिलिन वायू तयार होतो आणि मागच्या लायटरची ठिणगी पडताच मोठा बार होतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच बंदुकीने शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत लहान मुले फार होती.

काही इजा मागे फिरणाऱ्या झोताने होतात. नळीचे तोंड चिखलाने बुजले किंवा मागचे झाकण ढिले असले की वायू काजळीसह बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. सर्वांत घातक वेळ म्हणजे बार फुसका जाणे. रात्रीच्या जागलीत माणूस बॅटरी घेऊन नळीत डोकावतो, लायटर पुन्हा दाबतो, आणि तोवर साचलेला वायू पेटतो. हवेत अडीच टक्के ॲसिटिलिनही पेटायला पुरेसे असते. त्यामुळे न उडालेल्या नळीत डोकावू नये, तिचे झाकण उघडू नये आणि मुलांच्या हाती ती कधीही देऊ नये.

डोळ्याला एकाच वेळी तीन इजा होतात. ज्वाळेने पापणी आणि बुबुळ भाजते, प्लास्टिकचे व कार्बाइडचे कण रुततात, आणि कार्बाइड व पाण्यातून उरलेला चुना आत मुरतो. तिसरी इजा सर्वांत वाईट. चुना अल्कली असल्याने पेशी विरघळवत खोल जातो. पापणीच्या आत अडकलेला कार्बाइडचा कण तर अश्रूंच्या ओलाव्यानेच पुन्हा चुना आणि उष्णता तयार करतो.

म्हणून पहिला उपचार शेतातच व्हायला हवा. मोटारीचे, कॅनचे, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते डोळा उघडा धरून किमान अर्धा तास संथ धारेने सोडावे. पापणी उलटून दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावेत. डोळा चोळू नये. चुना मारण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर घालू नये. तूप, मध, दूध, काजळही नको. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणून टाकू नयेत. पाइपचा तुकडा डोळ्यात घुसलेला असेल तर तो ओढू नये, डोळा दाबू नये. डोळ्यावर कागदी कप उलटा धरून, चिकटपट्टीने बसवून निघावे.

त्यानंतर 108 रुग्णवाहिकेला फोन करून गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. तिथे डोळ्यातील अल्कली पीएच पट्टीने तपासून धुणे सुरूच ठेवतात. गरजेनुसार नेत्रतज्ज्ञ गर्भवेष्टनाचा पातळ पडदा बुबुळावर लावतात.

घरच्यांनी एक लक्षण ओळखावे. भाजल्यानंतर डोळा लाल दिसण्याऐवजी पांढराफटक दिसला आणि दुखणे कमी वाटले, तर बरे वाटते आहे असे समजू नये. बुबुळाच्या कडेचा रक्तपुरवठा जळाल्याची ती खूण असते. अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.