उतरणीचीही तयारी कर

अगं, किलिमांजारोचं पक्कं झालं हे ऐकून मला किती आनंद झालाय, सांगू! टांझानियात जायचं, 5895 मीटरवर उभं राहायचं, तेही नोकरी सांभाळून, स्वतःच्या पैशांनी. फार अभिमान वाटतो तुझा. आता ताई म्हणून मनातलं बोलते, नीट ऐक. आल्यापासून तू मला जे जे विचारलंस ते सगळं चढण्याबद्दल होतं. दम पुरेल का, थंडी सोसेल का, पहाटेपर्यंत चालवेल का? उतरण्याबद्दल एक अक्षर नाही. माझा जीव अडकलाय तो तिथेच.

हिशेब मांडून बघ. तू माचामे वाटेने जाणार. शेवटची चढाई बराफू कॅम्पवरून, म्हणजे साधारण 4670 मीटरवरून, मध्यरात्री सुरू होते. उजाडता उजाडता उहुरू शिखर येतं. चढलीस किती, तर बाराशे मीटर. आणि त्याच दिवशी बहुतेक जण खाली म्वेका कॅम्पपर्यंत उतरतात, तो सुमारे 3100 मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात जवळपास अठ्ठावीसशे मीटर उतार. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची 1646 मीटर! एवढं उतरायचं ते रात्रभर न झोपता, हवेचा दाब निम्म्यावर आलेल्या जागेवरून, फोटो काढून झाल्यावर, मन सैल पडल्यावर. गुडघे आणि लक्ष, दोन्ही नेमकी तेव्हाच दगा देतात.

तुला हरिहर किल्ल्याचा स्कॉटिश कडा माहीत आहे ना? निरगुडपाड्याच्या बाजूने जाताना सगळे त्याचे फोटो काढतात. 1986 साली डग स्कॉट या इंग्रज गिर्यारोहकाने तो सर केला, म्हणून ते नाव. परदेशातून येऊन आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात त्याने हा उभा कातळ निवडला. हा साधासुधा माणूस नव्हे. 1975 साली एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून डूगल हॅस्टनबरोबर माथ्यावर पोचलेला. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 1977 साली काराकोरममधल्या ओगर शिखरावर तो ख्रिस बॉनिंग्टनबरोबर पोचला. पहिलीच यशस्वी चढाई. आणि परतीला, दोरावरून खाली येताना माथ्याजवळच पाय घसरून त्याचे दोन्ही पाय घोट्याशी मोडले. त्यानंतर वादळात, बर्फावर आणि दगडगोट्यांतून तो कित्येक दिवस हातांवर-गुडघ्यांवर रांगत खाली आला. त्याच्यासारख्याला जे शिखर चढल्यावर झालं, ते आपल्याला होणार नाही असं धरून चालायचं नाही, बाळा.

म्हणून सराव उतरण्याचा कर. पावसाळा सरला की नोव्हेंबर-डिसेंबरात हरिहरला जा, पण शनिवार-रविवार टाळ. त्या उभ्या पायऱ्यांवर गर्दी अडकली की वरच्याला खाली येता येत नाही नि खालच्याला वर जाता येत नाही. तिथल्या पायऱ्यांना हात रोवायला खोबणी कोरलेल्या आहेत. येताना तोंड कातळाकडे ठेव आणि माळ्यावरून शिडीने उतरतो तशी एकेक पायरी चाचपत ये. घाई करणाऱ्याला पुढे जाऊ दे. किलिमांजारोची तुझी वाट इतकी उभी नाही, तिथे मुरमाड घसारा जास्त. पण पाय टेकल्याची खात्री झाल्याशिवाय वजन टाकायचं नाही, ही सवय हरिहर लावतो. एरवी पांडवलेण्याच्या पायऱ्या आहेतच. लोक वर जाताना घड्याळ लावतात, तू खाली येताना सावकाश ये, गुडघे किंचित वाकवून. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर वेगळाच ताण येतो आणि तो सराव जिममधल्या ट्रेडमिलवर होत नाही. बूट आत्ताच घे, वापरून मऊ कर, पुढे अंगठ्याला जागा राहील असे. जाण्याआधी पायांची नखं काप. उताराला बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी पडतात. काठ्या चढताना नेल्यास तर उत्तम, उतरताना मात्र हव्यातच, थोड्या लांब करून.

आता उंचीचं. आपला सह्याद्री पाय घडवतो, पण विरळ हवेची सवय तो लावू शकत नाही. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की धट्ट्याकट्ट्या माणसालाही त्रास होऊ शकतो. म्हणून पाच-सहा दिवसांची स्वस्त सहल सोड, सात-आठ दिवसांची घे. पैसे थोडे जास्त जातील, जाऊ देत. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मैत्रिणीने दिली म्हणून घेऊ नकोस. डॉक्टरांना विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांग. आणि डोकं दुखलं तर गाइडला त्याच क्षणी सांग. आपल्याला लहानपणापासून त्रास गिळायची सवय लागलेली असते, कुणाची अडचण नको म्हणून. तिथे ती सवय जीवावर बेतते. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर औषध एकच, खाली उतरणं. शिखर शंभर मीटरवर असलं तरी.

पाळीचंही बोलूया, ते कुणी बोलत नाही. प्रवासात तारखा पुढेमागे होतात, तेव्हा तारीख नसली तरी पॅड ने आणि वापरलेले परत आणायला घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या ने. पाळी लांबवायची गोळी घ्यायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना उंचीवर चाललेय हे स्पष्ट सांगून विचार. काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

विम्याच्या कागदावर किती उंचीपर्यंतची सुटका धरली आहे ते वाच. आणि हमालांच्या मजुरीत घासाघीस करणारी कंपनी निवडू नकोस. तुझा तंबू, तुझं जेवण त्यांच्या पाठीवर येणार आहे.

आईला शिखरावर पोचायची तारीख सांगू नकोस. ती रात्रभर देवापाशी बसेल आणि सकाळी फोन नाही आला की घाबरेल. तिला खाली म्वेका गेटला पोचायचा दिवस सांग. त्या दिवशी फोन कर, मग मी पेढे आणते.